सोमवारचे बारा युनिट

११ जानेवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्हाला क्षणभर तुमच्या दादाचं पत्र आलंय असं वाटेल. मला लिहायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे माझा 'र' आणि 'ल' त्यांच्यासारखाच येतो, त्याला माझा इलाज नाही. माझं आहे हे कळल्यावर तुम्ही पाकीट बाजूला ठेवाल, म्हणून कामाचं आधी लिहिते.

घराच्या छपरावर सोलार पॅनेल बसवायचा विचार आहे. गल्लीत सहा घरांवर बसली. घर मामंजींनी तुमच्या दोघांच्या नावावर केलेलं, त्यामुळे छपराला हात लावायचा तर तुमची सही लागते. संमतिपत्र सोबत जोडलंय. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलंय. एक ओळही लिहायची गरज नाही.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा खटाटोप.

पॅनेल कशाला, असं तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. महिन्याच्या महिन्याला विजेचं बिल दाराच्या फटीतून आत पडतं. तीन वर्षं झाली, तो कागद मी उघडत नाही. तसाच घेऊन खिडकीवर जाते, किती झाले विचारते, भरते, आणि बाहेरच्या डब्यात टाकून येते. तो कागद यायचा बंद झाला तर बरं, एवढंच.

आणखी एक. हे गेले त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही दादाचं मशीन बंद करून ठेवत होता. मी डोळ्यांनी पाहिलंय." ते ऑक्सिजनचं मशीन तुम्ही घेऊन दिलेलं, तेव्हा बोलायचा हक्क तुमचा होता. मी तेव्हा काही बोलले नाही. आता लिहिते. मी त्या मशीनला हात लावला नाही.

सही तेवढी पाठवा.

तुमची वहिनी


२९ जानेवारी

वन्सं,

सही आली नाही. पत्र पोचलं असेल, कारण परतही आलं नाही.

सोलारवाला काल पुन्हा येऊन गेला. पन्नाशीचा आहे, टक्कल पडलेला, आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. खुर्चीत बसला की पहिल्यांदा बूट सैल करतो. त्याने मागच्या खेपेला वर्षभराची बिलं मागितली होती. माझ्याकडे कुठली? मी टाकून देते. ह्यांची फाइल तेवढी होती, भोकं पाडून, दोरा ओवून, तारखेवार. तीच दिली.

काल तो अंदाज घेऊन आला. छापील, रंगीत, वर सूर्य हसतोय. म्हणाला, "ताई, तुमचा वापर दणदणीत आहे. महिन्याला साडेतीनशेच्या वर युनिट. तुमच्यासाठी तर सोन्याहून पिवळं. पाच वर्षांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं वीज फुकट."

मी म्हटलं, "घरात मी एकटी. एक फ्रीज, एक पंखा, दोन दिवे."

"मग साडेतीनशे युनिट कोण खातं?"

मी सांगितलं कोण खात होतं. त्याने अंदाजाचा कागद उलटा ठेवला. मग बूट घट्ट केले आणि म्हणाला, "म्हणजे मी मशीनचा हिशेब केला."

त्याची चूक नाही. त्याने फाइलवरची वर्षं बघितली नाहीत आणि मी सांगितली नाहीत. पण वन्सं, त्या चकचकीत कागदावर हे अजून श्वास घेत होते. दर महिन्याचा खांब उंच, सरळ, एकसारखा. शेवटचा नोव्हेंबरचा तेवढा बुटका.

जाताना मी विचारलं, वीज शून्य वापरली तर बिल यायचं बंद होईल ना? तो म्हणाला, "नाही हो ताई. मीटर आहे तोवर कागद येणारच. मीटरचं भाडं असतं." म्हणजे ज्यासाठी हे सगळं मांडलं तेच होणार नाही. तरी थांबायचं मनात येत नाही. वाचनालयातून मी या विषयावरचं एक पुस्तक आणलंय. तुम्हाला हसू येईल, सातवी शिकलेली बाई किलोवॉट वाचतेय. पण चोवीस वर्षं तिथल्या नोकरीत पुस्तकं पुसून जागेवर लावायची आणि आत काय आहे ते बघायचं नाही, हे मला कधीच जमलं नाही. एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट, असं त्यात दिलंय. यंत्रावर वॉट लिहिलेले असतात, त्याला तासांनी गुणायचं. सोपं आहे.

सोलारवाल्याने सांगितलंय, रोजचा खरा वापर लिहून ठेवा, मग नवा अंदाज देतो. रोजचा वापर म्हटल्यावर मला ह्यांची वही आठवली. उद्या काढते.

सहीचं बघा.

वहिनी


६ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र कृपा करून शेवटपर्यंत वाचा. सहीसाठी लिहीत नाहीये.

तुम्हाला माहीत आहे, एकतीस वर्षं लोकांचे मीटर वाचून आल्यावरही हे रोज सकाळी सात वाजता घरचा मीटर वहीत टिपायचे. तुम्ही चेष्टा करायचात, "दादाला देवापेक्षा मीटरचं दर्शन महत्त्वाचं." अंथरुणाला खिळल्यावरही सोडलं नाही. नळी दारापर्यंत पुरायची नाही, म्हणून मी पॅसेजमध्ये उभी राहून आकडा ओरडून सांगायचे आणि ते पलंगावर लिहून घ्यायचे. एक आकडा जरी मी अडखळले तर म्हणायचे, "पुन्हा वाच. मीटर अंदाजे नसतो."

ती वही काढली. नुसते आकडे आहेत, रोजचा एक. वजाबाकी त्यांनी लिहिलेली नाही, ती ते मनात करायचे. मी कधीच केली नव्हती. परवा पाटी घेऊन बसावं तशी बसले आणि करत गेले.

मशीन चारशे वॉटचं. चोवीस तास चाललं तर साडेनऊ युनिट. बाकी घराचे अडीच. दिवसाला बारा. पान उलटत गेले, बारा, बारा, कधी साडेबारा. बरोबर वर्षभर बारा. मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अकरा. अकरा. मग दहा. मग नऊ आणि पुढे नऊच, मधेमधे एखादा बारा.

मला वाटलं वीज गेली असेल. पण रोज कशी जाईल? मग वार लिहिले बाजूला. एक नमुना उतरवून पाठवते, तुम्ही मास्तरीण आहात, तपासा.

सोमवार सकाळ ८१४७
मंगळवार सकाळ ८१५९
बुधवार सकाळ ८१६८
गुरुवार सकाळ ८१७७

सोमवारचे बारा. मंगळवारचे नऊ. बुधवारचे नऊ. प्रत्येक आठवड्यात असंच. सोमवारी वाचनालय बंद असतं, वन्सं. सोमवारी मी घरी असायचे.

ज्या दिवशी मी घरी, त्या दिवशी मशीन पूर्ण चोवीस तास. ज्या दिवशी मी साडेनऊला बाहेर पडून सहाला परत यायचे, त्या दिवशी तीन युनिट कमी. तीन युनिट म्हणजे साडेसात तास. मी कुलूप लावून वळले की हे मशीन बंद करत असणार आणि माझी चाहूल लागायच्या आधी चालू. पहिल्या आठवड्यात थोडा वेळ, मग वाढवत नेलं. सवय केली अंगाला. एक्केचाळीस दिवस.

आणि रोज सकाळी मीच मोठ्यांदा त्यांना सांगत होते, आज किती वाचले. त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नाही. खोटा आकडा लिहिणं त्यांच्या हातून झालंच नसतं.

तुम्ही त्या गुरुवारी दुपारी न कळवता, तुमच्याकडच्या किल्लीने दार उघडून आलात, तेव्हा मशीन बंद पाहिलंत. तुम्ही पाहिलंत ते खरं होतं. फक्त हात माझा नव्हता.

मूळ पान फाडवत नाही. हवं असेल तर येऊन बघा.

वहिनी


१८ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र शनिवारी आलं. सही पण आली. फुलीवर नीट, शाळेच्या दाखल्यावर करता तशी.

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, तीन वर्षं मी तुम्हाला खुनी समजत होते आणि तशी रोज रात्री झोपत होते. मला फोनवर हे बोलता येणार नाही. चोवीस तारखेला, सोमवारी, येते. तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे."

ही ओळ वाचल्यावर मी पत्र घडी घातलं आणि कामावर गेले. तुम्ही यायच्या आत हे तुम्हाला मिळायला हवं, म्हणून लिहितेय. आजच पेटीत टाकते.

मागच्या पत्रात आकडे सगळे लिहिले. ऑक्टोबरचं बिल लिहिलं नाही.

बिल सहा नोव्हेंबरला आलं होतं. मी कामावरून दमून आलेले. उभ्या उभ्या फोडलं आणि पलंगाशी जाऊन वाचून दाखवलं, "तीनशे बहात्तर युनिट. एका माणसाच्या श्वासाला एवढी वीज लागते, मग बाकीच्यांनी खायचं काय?" बाकीचे म्हणजे मीच. घरात दुसरं कोण होतं?

ते म्हणाले, "मीटर बरोबर आहे. मी तपासलाय."

मी म्हटलं, "तुमचा मीटर कधी चुकतो का? पगार माझा चुकतो."

ते हसले. मी पण हसले असेन. हसण्यावारी नेता येईल असंच बोलले होते मी. पण एकदाच नाही बोलले. पुढच्या आठवड्यात फोडणी जळली तेव्हा बोलले, वाचनालयाने पगार लांबवला तेव्हा बोलले. वर्षभर रात्री उठून नळी बघितली, पाणी भरलं, अंग पुसलं, ते सगळं मी केलं. आणि तोंडाने हेही केलं.

तुम्हाला त्यांनी त्या दुपारी काय सांगितलं होतं ते तुम्हीच मला ओरडून सांगितलं होतंत. "दादा म्हणाला, बिल फार येतं म्हणते ती." ते खरं होतं. मी म्हणत होते.

आता शेवटचं. हे मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.

त्या मशीनच्या मागून गरम हवा यायची. मी त्यावर हातरुमाल, मोजे वाळत घालायचे. नोव्हेंबर संपता संपता एका संध्याकाळी घरात आले, मशीन चालू होतं, आवाज येत होता, आणि वरचे मोजे सकाळी टाकले तसेच ओले. मी मशीनवर हात ठेवला. नुकत्याच पेटवलेल्या चुलीसारखं, कोमट. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "आज हवा दमट आहे."

मी हो म्हटलं आणि मोजे दोरीवर टाकले.

मला काय कळलं आणि काय नाही, ते मला सांगता येत नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पुढच्या बिलात काही फरक पडेल, असं मनात येऊन गेलं का? आलं असेल. नाही असं मी लिहू शकत नाही. त्यानंतर मी मोजे तिथे वाळत घातले नाहीत.

हात लावला नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. लावला होता, एकदा.

हे वाचून यायचं असेल तर या. नाही आलात तर मी समजेन. डोकं ठेवायचं बोलू नका.

वहिनी


२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

वन्सं,

तुम्हाला बसमध्ये बसवून आत्ता घरी आले. तुम्ही पोचायला अजून तास आहे. हे तुम्हाला दोन-तीन दिवसांनी मिळेल, तोवर दुसरं मिळालेलं असेल.

अठरा तारखेचं पत्र मी अठराला टाकलं नाही. चार दिवस माझ्या पिशवीत होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यावर पेटी आहे, रोज दोनदा तिच्यापुढून जाते. शनिवारी टाकलं. आज सोमवारी सकाळी तुम्ही कुलूप लावून निघालात, त्यानंतर पोस्टमन आला असणार. हे मला शनिवारी टाकतानाही कळत होतं, असं समजा.

दारात तुम्हाला बघून मी पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत शोधलं, वाचलंय का. तुम्ही म्हणालात, "वहिनी, किती वाळलात." मी म्हटलं, "तुम्ही पण." तर तुम्ही म्हणालात, "मी नाही वाळले, माझे दात गेलेत." तेव्हाच मला कळलं की वाचलेलं नाही. पत्र वाचलेलं माणूस असं बोलत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. उंबऱ्यातच. पण तुम्ही खाली वाकलात आणि माझे पाय धरलेत आणि मी ते धरू दिले.

मग वही मागितलीत. एकेका आकड्यावरून बोट फिरवत होतात. "दादाचा सात बघा, कायम लंगडा," म्हणालात. "लहानपणी ताप आला की हा गाढव थर्मामीटर गार पाण्यात बुडवायचा. शाळा बुडू नये म्हणून. लोक शाळा बुडवायला ताप आणतात, हा उलटा." आपण दोघी हसलो. या घरात दोन माणसांचं हसू शेवटचं कधी झालं, मला आठवेना.

आणि मग तुम्ही विचारलंत.

"पण वहिनी, का केलं असेल त्याने असं? बिलाचं तो म्हणाला होता, तसं तुम्ही कधी बोलला होतात का?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही म्हणालात, "स्वभावच तसा. कुणाला भार व्हायचं नाही." आणि माझा हात हातात घेऊन बसलात. त्या वेळी 'हो' तुमच्या दाराच्या आत पडलेलं होतं, जमिनीवर, माझ्याच अक्षरात.

नेमका तेव्हा सोलारवाला यावा. नवा अंदाज घेऊन. या खेपेला छापील नव्हता, वहीच्या कागदावर. एक माणूस, दिवसाला दोन युनिट. सगळ्यात लहान पॅनेल बसवलं तरी पैसे वसूल व्हायला सव्वीस वर्षं. तुम्ही मास्तरणीच्या आवाजात विचारलंत, "आणि पॅनेल टिकतं किती?" तो म्हणाला, "पंचवीस." तुम्ही म्हणालात, "म्हणजे मेल्यावर एका वर्षाने कमवायला लागणार." बिचारा बूट सैल करायचाच विसरला.

मग त्याने तुमच्याकडे बघून विचारलं, "ह्या इथेच राहणार का? माणसं वाढली की हिशेब सुधारतो. दोन धरू?"

मी नाही म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "धरा." आणि माझ्याकडे वळून, "मी तिकडे एकटी, तुम्ही इकडे एकट्या. दोन फ्रीज कशाला चालवायचे? शाळा काही आता मला बोलावत नाही. जूनपर्यंत आवरून येते. मागची खोली मला पुरे."

मागची खोली म्हणजे ह्यांची. तुम्हाला माहीत होतं, तरी म्हणालात.

त्याने गणकयंत्रावर पुन्हा सगळं केलं. दोन माणसं, तुमचं पाणी तापवायचं यंत्र, तुमचा रात्रीचा दिवा. चौदा वर्षं. त्याने चौदा लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाला, "आता बसतंय. तुम्ही दोघी कळवा, मी सामान मागवतो." तुम्ही मला कोपराने ढोसलंत. "चौदा वर्षं भांडायला पुरतील, काय वहिनी?"

वन्सं, त्या क्षणी मला पॅनेल हवं होतं. सूर्य, तुम्ही, चौदा वर्षं, सगळं. मी त्या पत्राबद्दल देवाकडे नाही, पोस्टमनकडे मागत होते, की ते हरवू दे. एवढी मी खाली गेले. ज्याच्यामुळे हे घर पुन्हा भरणार होतं तो माझा निरपराधपणा होता, आणि तो संध्याकाळच्या बसपर्यंतच टिकणार होता. म्हणून मी बोलले नाही. जेवताना बोलले नाही. तुम्ही मागच्या खोलीच्या खिडकीचं माप दोऱ्याने घेतलंत, पडद्यासाठी, तेव्हाही दोऱ्याचं एक टोक मी धरून उभी होते. बसची वाट बघताना तुम्ही म्हणालात, "पोचले की फोन करते. आता उचला म्हणजे झालं." मी मान हलवली.

आता तुम्ही पोचाल. पिशवी खाली ठेवाल, चष्मा शोधाल. फोन मी समोर ठेवलाय. तो वाजणार नाही, हे मला माहीत आहे, पण तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवलाय.

त्या पत्रातलं सगळं खरं आहे. त्यात एक भर घाला, की आज तुम्ही तोंडावर विचारलंत आणि मी नाही म्हटलं. मोजे ओले होते तेव्हा जशी गप्प राहिले तशीच आज राहिले. त्यांच्याशी तसंच, तुमच्याशी तसंच. मला वाटत होतं ते एकदाच घडलं.

तुमची सही मी त्याला दिलेली नाही. सोबत परत पाठवते आहे. ती तुम्ही आकडे वाचून केली होती, बाकीचं वाचायच्या आधी.

दोन माणसं त्याने अजून पेन्सिलीने लिहिली आहेत. मार्चअखेर सामान मागवायचं म्हणतोय. तोवर तुमचं काही आलं नाही, तर मीच त्याला बोलावून एक लिहायला सांगेन.

मी